वाहनावरील औष्णिक कॅमेरा

वाहनावरील औष्णिक कॅमेरा म्हणजे सभोवतालच्या वस्तूंमधून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण टिपून त्याची दृश्य प्रतिमा चालकासमोरील पडद्यावर दाखवणारे, वाहनावर पक्के बसवलेले उपकरण होय. त्याला प्रकाशाची गरज नसते. चंद्र नसलेल्या रात्री, दिवे बंद असतानाही समोरचा माणूस, बैल किंवा बिबट्या त्यात दिसू शकतो. मूळ लष्करी असलेले हे तंत्र आता महागड्या मोटारींत, अग्निशमन दलाच्या गाड्यांवर आणि जंगलात गस्त घालणाऱ्या जीपसारख्या वाहनांवर वापरले जाते. डांबरी रस्ता सोडून नदीपात्रात, घाटात आणि शेतरस्त्यांवर चालणाऱ्या वाहनावर हा कॅमेरा बसवताना जागा, वीजजोडणी आणि दिशा या तिन्ही बाबतींत शहरी मोटारीहून वेगळा विचार करावा लागतो. नंदुरबार जिल्ह्यात एकीकडे सातपुड्याचे घाट व जंगल आहे आणि दुसरीकडे तापी खोऱ्यातील उसाची शेती. त्यामुळे या उपकरणाचे गुण आणि मर्यादा या दोहोंचा तेथे चांगला प्रत्यय येतो.

तत्त्व

निरपेक्ष शून्यापेक्षा अधिक तापमान असलेली प्रत्येक वस्तू प्रारण बाहेर टाकते. वस्तू जितकी उष्ण, तितके हे प्रारण अधिक आणि त्याची तरंगलांबी कमी. वीन यांच्या नियमानुसार सर्वाधिक प्रारणाची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये काढण्यासाठी २८९८ या संख्येला केल्विनमधील तापमानाने भागतात. माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१० केल्विन धरल्यास उत्तर सुमारे ९.३ मायक्रोमीटर येते. मानवी डोळ्याला ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर एवढाच पट्टा दिसतो. वातावरण ८ ते १४ मायक्रोमीटर या पट्ट्यातील प्रारण बऱ्याच प्रमाणात आरपार जाऊ देते, म्हणून वाहनावरील बहुतेक औष्णिक कॅमेरे याच पट्ट्यात काम करतात.

रात्री पाहण्याच्या इतर साधनांशी याची गल्लत होऊ देऊ नये. घराबाहेर लावलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याभोवती रात्री जे मंद लाल ठिपके दिसतात, ते जवळच्या अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात. तो कॅमेरा परत आलेला प्रकाश पाहतो. प्राण्यांच्या मागावर झाडाला बांधलेले कॅमेरा ट्रॅपही रात्री बहुधा याच पद्धतीने चित्र घेतात आणि त्यांत बिबट्याचे डोळे चमकताना दिसतात. औष्णिक प्रतिमेत डोळे चमकत नाहीत, कारण तेथे परावर्तित प्रकाशाचा संबंधच नसतो. अंगावरचे ठिपकेही सहसा दिसत नाहीत.

तापमानाइतकेच महत्त्व पृष्ठभागाच्या उत्सर्जकतेला आहे. त्वचा, माती, पाने, लाकूड आणि डांबर यांची उत्सर्जकता जास्त असते. चकचकीत धातूची ती फार कमी असते आणि तो आरशासारखा सभोवतालची उष्णता परावर्तित करतो. निरभ्र रात्रीचे आकाश कॅमेऱ्याला अतिशय थंड दिसते, त्यामुळे वस्तीवरील पत्र्याची छपरे प्रतिमेत काळीकुट्ट उमटतात आणि शेजारच्या मातीच्या भिंती उजळ.

विद्यार्थ्यांना चकित करणारी एक गोष्ट काचेची आहे. साधी काच डोळ्याला पारदर्शक असली, तरी ८ ते १४ मायक्रोमीटरच्या प्रारणाला ती भिंतीसारखी अपारदर्शक असते. खिडकीसमोर कॅमेरा धरला तर बाहेरचे झाड दिसत नाही, उलट कॅमेरा धरणाऱ्याचेच धूसर प्रतिबिंब काचेत दिसते. याउलट पातळ काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत हात घातला, तर डोळ्याला न दिसणारा हात कॅमेऱ्याला स्पष्ट दिसतो. कॅमेऱ्याच्या बसवणीचा पहिला नियम यातूनच येतो: औष्णिक कॅमेरा वाहनाच्या समोरच्या काचेमागे कधीही बसवता येत नाही.

इतिहास

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापी ठेवला, तेव्हा पारा चढला. अवरक्त प्रारणाचा हा शोध होता. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सॅम्युएल लँगली यांनी १८८० च्या सुमारास बोलोमीटर तयार केला. प्रारणाने तापणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीचा विद्युत रोध बदलतो, तो बदल मोजायचा, एवढीच त्यातील कल्पना. पुढे सुधारलेल्या त्यांच्या उपकरणाला सुमारे ४०० मीटरवरील गाईची उष्णता जाणवत असे, असे सांगितले जाते. रस्त्यावरचे गुरे-वासरू ओळखणे हेच आज या यंत्राचे एक मुख्य काम असल्याने हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

विसाव्या शतकातील लष्करी कॅमेऱ्यांचे संवेदक अतिशय थंड ठेवावे लागत. त्यासाठीची शीतन यंत्रणा जड, महाग आणि नाजूक असे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील हनीवेल कंपनीत लँगलींचीच कल्पना सूक्ष्म आकारात उतरवण्यात आली. व्हॅनेडियम ऑक्साइडचे हजारो सूक्ष्म बोलोमीटर एका चकतीवर मांडलेल्या या संवेदकाला शीतनाची गरज नव्हती. १९९० च्या दशकात हे तंत्र नागरी वापरासाठी खुले झाले आणि २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिल या मोटारीत रात्रीच्या वाहनचालनासाठी औष्णिक कॅमेरा प्रथम देण्यात आला. भारतात देहरादून येथील डीआरडीओची उपकरण संशोधन व विकास संस्था आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड यांनी रणगाडे व सीमेवरील टेहळणीसाठी औष्णिक दर्शके तयार केली आहेत.

रचना

कॅमेऱ्याचे भिंग जर्मेनियम या मूलद्रव्याचे किंवा चाल्कोजेनाइड काचेचे असते. जर्मेनियम डोळ्याला धातूसारखा राखाडी व अपारदर्शक दिसतो, पण दीर्घ अवरक्त प्रारण त्यातून जाते. त्याचा अपवर्तनांक सुमारे ४ असल्याने भिंगावर परावर्तनरोधी लेप द्यावा लागतो, नाहीतर आलेल्या प्रारणाचा मोठा भाग पृष्ठभागावरूनच परत जाईल. वाहनावरील कॅमेऱ्यात या भिंगापुढे हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा लेप असलेली खिडकी असणे इष्ट, कारण चाकांनी उडवलेली वाळू मऊ लेप काही महिन्यांत खरवडून टाकते.

भिंगामागे सूक्ष्म बोलोमीटरांची जाळी असते. ६४० × ५१२ बिंदू आणि प्रत्येक बिंदू १२ मायक्रोमीटरचा, हे आजचे सर्वसाधारण माप आहे. स्वस्त कॅमेऱ्यांत ३२० × २५६ किंवा त्याहून कमी बिंदू असतात. सामान्य कॅमेरा ०.०५ अंश सेल्सिअसच्या आसपासचा तापमानभेद ओळखतो. संवेदक स्वतःही तापत असल्याने प्रतिमा हळूहळू गढूळ होते. ती सुधारण्यासाठी कॅमेरा अधूनमधून आतली झडप क्षणभर मिटतो. त्या वेळी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि चित्र थबकते. नवख्या चालकाला हा बिघाड वाटतो, पण तसे ते नाही.

चित्रांचा वेग हा खरेदीच्या वेळी हमखास दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. निर्यातीवरील निर्बंधांमुळे पुष्कळ परदेशी कॅमेरे सेकंदाला केवळ ९ चित्रे देतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १४ मीटर कापते, म्हणजे दोन चित्रांच्या दरम्यान दीड मीटर. सेकंदाला २५ चित्रे असतील तर हे अंतर सुमारे ५६ सेंटिमीटरवर येते. उभे राहून निरीक्षण करण्यास ९ चित्रे पुरतात, चालत्या वाहनासाठी ती अपुरी आहेत.

जागेची निवड

कॅमेरा बसवण्यासाठी पुढील जाळी, बंपर आणि टप या तीन जागा प्रचलित आहेत. कारखान्यात बसवलेले कॅमेरे बहुधा जाळीत असतात. तेथे ते सुरक्षित व दृष्टिआड राहतात, पण ओढा ओलांडताना सर्वांत आधी पाण्यात जातात आणि पुढच्या वाहनाचा चिखल थेट त्यांच्यावर उडतो. पाण्याचा पातळ थरही दीर्घ अवरक्त प्रारण शोषून घेतो. चिखलाच्या एका थेंबाने प्रतिमेचा मोठा भाग झाकोळतो. बंपरच्या पुढे लावलेल्या लोखंडी गार्डवर कॅमेरा बसवण्याची पद्धत खेडोपाडी दिसते. ती दोन कारणांनी अयोग्य आहे. असे गार्ड लावण्याविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या आहेत, आणि गार्ड खडबडीत रस्त्यावर स्वतंत्रपणे थरथरत असल्याने चित्र सतत हलते.

जंगलवाटेवरील वाहनासाठी टपाची पुढची कड ही बहुधा सर्वांत चांगली जागा ठरते. जमिनीपासून सुमारे पावणेदोन ते दोन मीटर उंचीवरून गवत, बांध आणि उसाच्या कडेपलीकडचे अधिक दिसते. मात्र तेथे दोन अडचणी येतात. साग आणि बांबूच्या खाली आलेल्या फांद्या कॅमेऱ्याला झोडपतात, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंस व वर पोलादी पट्टीचे कवच हवे. दुसरी अडचण बोनेटची. इंजिन तापल्यावर बोनेट प्रतिमेच्या खालच्या भागात पांढरेशुभ्र दिसू लागते. कॅमेरा उजळपणा आपोआप जुळवत असल्याने या एका तप्त पट्ट्यापायी बाकीचे दृश्य फिके पडते आणि दूरचा माणूस पार्श्वभूमीत मिसळून जातो. त्यासाठी कॅमेरा इतकाच पुढे आणि अशा कोनात बसवावा, की बोनेटची कड चौकटीत येणार नाही. ज्या कॅमेऱ्यांत चौकटीचा ठरावीक भागच उजळपणासाठी मोजता येतो, त्यांत खालचा भाग वगळावा.

आधारपट्टी किमान ३ मिलिमीटर जाडीची पोलादी असावी व ती पातळ पत्र्याला नव्हे, तर टपाच्या मजबुतीच्या कडेला किंवा कॅरियरच्या पायाला जोडावी. साधे नट धाडधाड हादऱ्यांनी सैल होतात, म्हणून आतून नायलॉनचे कडे असलेले नट आणि स्प्रिंग वॉशर वापरतात. टपाला भोक पाडल्यास त्याची कड रंगवून घ्यावी आणि तेथे रबरी बुश व सीलंट लावावे. पहिल्याच पावसात टपातून गळणारे पाणी हे घाईने केलेल्या बसवणीचे सर्वांत परिचित लक्षण आहे.

वीजजोडणी

जीपवर्गातील वाहनांत १२ व्होल्टची बॅटरी असते आणि कॅमेऱ्याला अवघी काही वॅट वीज लागते. त्यामुळे ही जोडणी किरकोळ समजून हेडलाइटच्या तारेला फाटा देण्याचा मोह वायरिंग करणाऱ्यांना होतो. तो टाळावा. दिव्याचा फ्यूज उडाला तर अंधाऱ्या घाटात दिवा आणि कॅमेरा दोन्ही एकदम जातील. फ्यूजपेटीतून किंवा थेट बॅटरीवरून स्वतंत्र तार आणून, बॅटरीपासून हातभराच्या आतच कॅमेऱ्याच्या गरजेनुसार २ ते ५ अँपिअरचा फ्यूज घालावा. चावी फिरवल्यावरच कॅमेरा सुरू व्हावा यासाठी मध्ये रिले द्यावा, नाहीतर गाडी आठवडाभर उभी राहिल्यास बॅटरी उतरते.

स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब क्षणभर ९ व्होल्टच्या खाली जाऊ शकतो आणि अल्टरनेटरमुळे उलट दिशेने तीव्र उसळ्याही येतात. वाहनासाठी बनवलेल्या कॅमेऱ्यात यापासून संरक्षण असते. इमारतीवर लावण्यासाठी बनवलेला कॅमेरा जीपवर चढवल्यास ते नसते. तेथे दाब स्थिर ठेवणारा स्वतंत्र परिवर्तक लागतो. इंजिनाचा वेग वाढवल्यावर पडद्यावर तिरप्या रेषा सरकताना दिसल्या, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. कॅमेरा आणि पडदा यांची अर्थिंग रंग खरवडलेल्या एकाच जागी आणून जोडल्यास रेषा सहसा जातात. चित्रवाहक केबल अल्टरनेटर व इंजेक्टरच्या तारांपासून दूर न्यावी, आणि एक्झॉस्टजवळून कोणतीच तार नेऊ नये.

पडदा चालकाच्या नजरेच्या रेषेत, परंतु रस्ता झाकणार नाही असा डॅशबोर्डवर लावतात. रात्री त्याची दीप्ती अगदी मंद ठेवणे आवश्यक असते. उजळ पडद्याकडे पाहून सरावलेल्या डोळ्यांना समोरचा खरा रस्ता अधिकच काळा दिसतो. गस्तीच्या वाहनात पडदा शेजारच्या सहकाऱ्यासमोर ठेवून चालकाने रस्त्याकडे पाहणे, ही व्यवस्था अधिक सुरक्षित आहे.

दिशा जुळवणे

वाहन सपाट जागी, नेहमीइतके वजन भरून उभे करावे. रिकाम्या गाडीवर जुळवलेला कॅमेरा मागे सहा माणसे बसताच आकाशाकडे पाहू लागतो. वाहनाच्या मध्यरेषेत समोर ३० मीटरवर गरम पाण्याने भरलेले मडके ठेवावे. प्रतिमेत ते ठळक पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते. हा ठिपका चौकटीच्या आडव्या मध्यावर आणावा आणि क्षितिज वरच्या तृतीयांशाजवळ राहील असा कल द्यावा. त्यानंतर सर्व नट पक्के करून दहा-पंधरा किलोमीटर कच्च्या रस्त्यावर गाडी फिरवावी व मडक्याची चाचणी पुन्हा घ्यावी. ठिपका सरकला असेल तर आधारपट्टी कमकुवत आहे असे समजावे. जुळवणी सूर्यास्तानंतर करणे चांगले, कारण सूर्याकडे थेट रोखलेल्या कॅमेऱ्याच्या संवेदकावर कायमचा डाग पडू शकतो. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून वाहन दिवसभर उभे ठेवायचे झाल्यास भिंगावर झाकण घालणे त्याच कारणासाठी आवश्यक असते.

किती दूरचे दिसते

विक्रेत्यांच्या पत्रकांतील ‘एक किलोमीटर पल्ला’ यासारखे दावे बहुधा ‘काहीतरी आहे’ एवढे कळण्याविषयीचे असतात. जॉन जॉन्सन यांनी १९५८ साली अमेरिकी सैन्यासाठी केलेल्या अभ्यासातून आलेले निकष आजही आधारभूत मानले जातात. त्यांचे बिंदूंच्या भाषेत ढोबळ रूपांतर केल्यास वस्तू असल्याचे कळण्यासाठी तिच्या लहान बाजूवर २ बिंदू, ती कोणत्या प्रकारची आहे हे समजण्यासाठी ८ बिंदू आणि नेमकी ओळख पटण्यासाठी सुमारे १३ बिंदू लागतात.

१२ मायक्रोमीटरचे ६४० बिंदू व १३ मिलिमीटरचे भिंग असलेला कॅमेरा घेतला, तर त्याचा दृष्टिकोन सुमारे ३३ अंशांचा येतो. खांद्यापाशी ६० सेंटिमीटर उंच असलेला बिबट्या या कॅमेऱ्यात ३२५ मीटरवर ठिपका म्हणून दिसू लागेल, ८० मीटरवर चतुष्पाद प्राणी असल्याचे कळेल आणि तो बिबट्याच आहे, मोठे कुत्रे नव्हे, हे ठरवण्यासाठी वाहन ५० मीटरपर्यंत जावे लागेल. हे गणित स्वच्छ हवेचे आणि अनुकूल पार्श्वभूमीचे आहे. प्रत्यक्षात अंतर कमीच भरते. ताशी ५० किलोमीटर वेगातील वाहन थांबण्यास, चालकाच्या प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर सुमारे ४० मीटर लागतात. म्हणजे ओळख पटेपर्यंत ब्रेक लावण्यासाठी थांबलेल्या चालकाच्या हाती जेमतेम १० मीटर उरतात. ठिपका दिसताच वेग कमी करावा, तो कशाचा आहे हे नंतर पाहावे.

नंदुरबार जिल्ह्यातील परिस्थिती

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी असे सहा तालुके आहेत. उत्तरेस सातपुडा आणि नर्मदा, मध्यभागी तापीचे सुपीक खोरे. तळोदा–धडगाव मार्गावरील चांदसैली घाट आणि अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा देवगोई घाट हे वळणांचे व पावसाळ्यात दरडींचे रस्ते आहेत. वळणावर औष्णिक कॅमेऱ्याचा उपयोग मर्यादित राहतो, कारण कॅमेरा वाहनाच्या नाकासमोर पाहतो आणि रस्ता बाजूला वळलेला असतो. भिंतीपलीकडचे, डोंगरापलीकडचे किंवा वळणाआडचे त्याला दिसत नाही, मग जाहिरात काहीही सांगो.

त्याचा खरा उपयोग सपाटीवरील सरळ रस्त्यांवर होतो. गळीत हंगामात शहादा-तळोदा भागात ऊस भरलेल्या बैलगाड्या रात्री-पहाटे रस्त्यावर असतात आणि त्यांच्या मागे दिवा नसतो. हेडलाइटच्या झोतात गाडीवान दिसण्यापूर्वीच कॅमेऱ्यात माणसाचा आणि बैलांचा उजळ आकार उमटतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपले तरी प्रतिमा दिपत नाही, हा मोठाच फायदा. उलट रस्त्याकडेला तासन्‌तास बंद पडलेला ट्रक गार झाल्यामुळे प्रतिमेत धूसर राहतो. दिशाफलकावरील अक्षरे आणि सिग्नलचे रंग दिसत नाहीत. त्यामुळे हेडलाइटला पर्याय म्हणून या कॅमेऱ्याकडे पाहणे धोक्याचे आहे.

ऋतुमानाचा परिणाम फार मोठा असतो. हिवाळ्यात सातपुड्यातील डाब परिसरात दवबिंदू गोठण्याइतकी थंडी पडते; अशा पहाटे माणूस आणि जनावरे अत्यंत ठळक दिसतात. याच्या नेमके उलट चित्र एप्रिल-मेमध्ये असते. दिवसा ४० अंशांवर गेलेल्या उन्हात काळा बेसाल्ट खडक आणि डांबर तापतात, आणि सूर्यास्तानंतर कित्येक तास ती उष्णता बाहेर टाकत राहतात. खडकाचे तापमान शरीराच्या पृष्ठभागाच्या तापमानाइतके आले, की प्राणी पार्श्वभूमीत विरघळतो. खडक आणखी तापलेला असेल तर प्राणी उलट काळा दिसतो, आणि पांढरा आकार शोधणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेतून सुटतो. उन्हाळी गस्तीसाठी पहाटेची वेळ त्यामुळे अधिक उपयुक्त. नेमक्या याच काळात मोहाची फुले वेचण्यासाठी स्त्रिया व मुले अंधारातच घराबाहेर पडतात, ही बाब चालकाने ध्यानी ठेवावी अशी आहे. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. त्यातून पसरू पाहणारा वणवा कॅमेऱ्यात लांबून दिसतो. धूर दाट असला तरी त्यातून आगीची कड कळते. पावसाळ्यात तोरणमाळच्या पठारावरील दाट धुके मात्र कॅमेऱ्यालाही अडवते. धुराचे कण प्रारणाच्या तरंगलांबीच्या मानाने लहान असतात, धुक्याचे थेंब तितके लहान नसतात. फरक तेथे पडतो.

होळीच्या काळात अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीसाठी दूरदूरच्या पाड्यांवरील आदिवासी बांधव जमतात आणि होळी पहाटे पेटवली जाते. घाटरस्त्यांवर रात्रभर पायी चालणाऱ्यांची वर्दळ असते. प्रवासी जीपांना अशा एका रात्रीपुरता जरी हा कॅमेरा मिळाला, तरी त्याचे मोल पटेल. परंतु किमतीमुळे तो आज तरी त्यांच्या आवाक्याबाहेर आहे.

वन्यजीव व्यवस्थापनातील उपयोग

उसाचे शेत बिबट्याला दाट आडोसा, पाणी आणि कुत्री-डुकरांसारखे भक्ष्य देते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांप्रमाणेच तळोदा-शहादा पट्ट्यातही बिबट्यांचा वावर असून अलीकडच्या वर्षांत त्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. हल्ल्यानंतर लोकांची पहिली मागणी बिबट्या कोठे आहे ते शोधा, ही असते. त्या वेळी वाहनावरील कॅमेऱ्याकडून अवास्तव अपेक्षा केली जाते. दीड-दोन पुरुष उंचीच्या उसात दोन सऱ्या आत बसलेला बिबट्या रस्त्यावरील जीपमधून दिसणे जवळजवळ अशक्य आहे. पाने उष्णता अडवतात. शेताच्या कडेने, बांधावरून किंवा तोडलेल्या फडातून चालणारा बिबट्याच तेवढा दिसतो. वरून पाहणारा ड्रोन पानांच्या फटींतून खाली पाहू शकतो, म्हणून शोधासाठी तो सरस ठरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याचा माग काढण्यासाठी वन विभागाने औष्णिक ड्रोन वापरले होते. जीपवरील कॅमेऱ्याचे काम वेगळे: रात्री शेतात पाणी भरायला गेलेल्या शेतकऱ्यांच्या, किंवा फडाशेजारी कोपीत झोपलेल्या ऊसतोड कामगारांच्या आसपास काही हालचाल आहे का, हे दिव्याचा झोत न टाकता पाहत जाणे.

ओळख पटवण्यातील चूक येथे महागात पडते. केसाळ कातडी उष्णता आत धरून ठेवत असल्याने बिबट्याचे अंग मध्यम उजळ आणि चेहरा, कान व पोट अधिक उजळ दिसते. तरस, कुत्रा, शेळी यांचेही तसेच. लांब शेपटी आणि चाल यांवरूनच अंदाज बांधावा लागतो. वाकून बसलेला माणूस दूरवरून चतुष्पादासारखा भासू शकतो. औष्णिक प्रतिमा एकट्याने पाहून बंदूक चालवण्याचा, अगदी बेशुद्धीचे इंजेक्शन मारण्याचाही निर्णय घेऊ नये, असे म्हणण्यामागे हे कारण आहे. भारतात मनोऱ्यांवरील औष्णिक कॅमेऱ्यांचा वापर कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात आणि तमिळनाडूत कोइंबतूरजवळील मदुक्कराई येथे रेल्वेरुळांवर येणाऱ्या हत्तींवर लक्ष ठेवण्यासाठी झाला आहे. मनोरा स्थिर असल्याने तेथे पार्श्वभूमी ओळखीची असते. धावत्या जीपला ती सोय नाही.

कायदा आणि खासगीपण

बिबट्या हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे आणि शिकारीस कायद्याने बंदी आहे. रात्री रानडुक्कर किंवा ससा टिपण्यासाठी खासगी जीपवर औष्णिक कॅमेरा वापरणे म्हणजे शिकारीचे साधन बाळगण्यासारखे आहे, आणि ते साधन आता वन विभागाइतकेच शिकाऱ्यालाही बाजारात मिळू शकते. वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाही. म्हणून कॅमेऱ्यासाठी टप कापणे किंवा बांधणीत फेरफार करणे टाळून केवळ जोडणी करावी.

याहून कमी बोलला जाणारा प्रश्न माणसांचा आहे. पाड्यांवर रात्री उघड्यावर झोपलेली कुटुंबे, पहाटे शौचासाठी रानात गेलेल्या स्त्रिया, वनहक्क कायदा, २००६ नुसार मिळालेल्या जमिनीवर राखण करणारे शेतकरी हे सर्व कॅमेऱ्यात दिसतात, आणि आपण दिसतो आहोत हे त्यांना कळत नाही. चेहरा ओळखू येत नसला तरी शरीराची आकृती कळते. गस्तीच्या वाहनात चित्रण साठवण्याची सोय असल्यास ते कोणी पाहावे, किती दिवस ठेवावे आणि कधी पुसावे, हे वाहन रस्त्यावर येण्यापूर्वी ठरलेले असावे. वस्तीजवळ आल्यावर साठवण बंद करणे हा त्यातील सर्वांत साधा उपाय आहे, आणि त्यासाठी पडद्याशेजारी एक स्वतंत्र बटण पुरते.

देखभाल

भिंगाची खिडकी कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये; धुळीतील वाळूचे कण लेपावर ओरखडे पाडतात. आधी स्वच्छ पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग मऊ सुती कापडाने हलकेच टिपून घ्यावे. डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये. सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याचा जोरदार फवारा कॅमेऱ्याच्या सांध्यावर थेट मारला जाणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण पाण्यात बुडाल्यास टिकणारे आवरण उच्च दाबाच्या फवाऱ्यापुढे टिकेलच असे नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर जोडणीच्या टोकांवरील हिरवा गंज काढून त्यांना ग्रीस लावावे आणि मडक्याची चाचणी पुन्हा घ्यावी.